खाकरून आत यावे

शनिशिंगणापूरला जाऊन आलेला माणूस घरी परतल्यावर पहिली गोष्ट कोणती सांगतो, तर तिथल्या घरांना दारे नाहीत ही. आणि ऐकणारा पहिला प्रश्न कोणता विचारतो, तर "मग चोऱ्या होत नाहीत?" हा. यावर सांगणारा देवाचा महिमा वर्णन करतो, ऐकणारा आपापल्या स्वभावाप्रमाणे हात जोडतो किंवा गालांतल्या गालांत हसतो, आणि विषय तिथेच संपतो. मला मात्र या प्रश्नाची गंमत वाटत आली आहे. दार म्हटले की आपल्याला लगेच चोर का आठवावा? चोर हा काही घरी नेहमी येणारा पाहुणा नव्हे. आला तर दहा-वीस वर्षांतून एखाद्या वेळी यायचा. आपली माणसे मात्र रोज येतात. शेजारी येतात, दीर-भाचे येतात, दूधवाला येतो, पोस्टमन येतो. तेव्हा घराला दार लागते ते परक्यापेक्षा आपल्याच माणसांसाठी अधिक लागते, अशी माझी समजूत आहे. आणि म्हणून शिंगणापूरबद्दल खरा प्रश्न विचारायचा तो असा, की जिथे दारच नाही, तिथे आपल्या माणसाने घरात शिरायचे कसे?

त्याचे उत्तर मला लहानपणीच मिळाले. शिंगणापूर हे माझ्या आत्याचे सासर. नगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात, त्या जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातले हे गाव. नगर-संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावला उतरायचे आणि आत वळायचे. सुट्टीत आम्ही पोरे आत्याकडे जात असू. घराला चौकट होती, उंबरा होता, पण फळ्यांचे दार नव्हते. रात्री कुत्रे आत येऊ नये म्हणून एक फळी आडवी टेकवून ठेवीत, एवढाच काय तो बंदोबस्त. तर अशा त्या घरात एकदा मी धावत शिरलो, तेव्हा आत्याच्या सासऱ्यांनी मला उंबऱ्यावरच अडवले आणि म्हणाले, "आरं, खाकरून यावं माणसानं."

खाकरणे हे तिथले दार आहे. पुरुषमाणूस उंबऱ्याच्या अलीकडे चार पावलांवर थांबतो, वहाणा गरजेपेक्षा थोड्या जास्त आवाजाने काढतो आणि घसा साफ करतो. बाईमाणूस असेल तर "कोण हाय का घरात?" म्हणून विचारते. कोण आहे ते तिला पक्के ठाऊक असते, तरीही विचारते. आतून "या" असा शब्द आला म्हणजे पाऊल उचलायचे. "थांबा वाईच" आले की पाठ फिरवून आकाशाकडे बघत उभे राहायचे. न्हाणे चालले असेल, लेकराला पाजणे चालले असेल, कुणाचे डोळे पुसणे चालले असेल. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. पण तो मोडणाऱ्याला गावात मान नाही. घरमालकाच्या भिंतीला दार नसते ते असे पाहुण्याच्या घशात असते.

काळ बदलला तसे गावही बदलले. २०११ साली युको बँकेने इथे शाखा उघडली ती बिनकुलपाची म्हणून देशभर वर्तमानपत्रांत गाजली. २०१५ साली गावात पोलीस ठाणे आले. आणि दार नसले म्हणजे मज्जाव नसतो असेही कुणी समजू नये. शनिदेव स्वतः उघड्यावर उभे आहेत, त्यांना भिंत नाही की छप्पर नाही. तरी त्या चौथऱ्यावर बायकांना पाऊल ठेवता यायला २०१६ चा गुढीपाडवा उजाडावा लागला. न दिसणारी दारे अशी दोन्ही प्रकारची असतात, माणसाची आब राखणारी आणि माणसाला अडवणारी. हे सारे मला गेल्या दोन वर्षांत फार जवळून पाहायला मिळाले, ते आत्याच्या दुखण्यामुळे.

आत्या आज एकोणऐंशी वर्षांची आहे. यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झाली. थोरला मुलगा चाकणला कारखान्यात, धाकटा नाशिकला. दोघेही आईला घेऊन जायला तयार. पण ही जागची हलायला तयार नाही. परवापरवापर्यंत ती एकटी राहत होती ते कुणाच्या लक्षातही आले नव्हते, इतकी ती गावाच्या वहिवाटीचा भाग होती. पहाटे उठावे, अंगणात सडा घालावा, दोन रेघांची का होईना रांगोळी काढावी, चूल पेटवावी. मग दोन वर्षांमागे आषाढात एका पहाटे ती मोरीत घसरली. हाक मारायला गेली तर पावसाच्या आवाजात ती कुठे पोहोचेना. दिवस चांगला वर आला. शेजारची सून पाण्याला निघाली, तिने अंगणाकडे पाहिले. पाऊस तेव्हा उघडला होता, अंगण ओले होते, पण रांगोळी नव्हती. ती थांबली, खाकरली, हाक मारली. आतून "या" आले नाही. एवढ्या तीन गोष्टींवरून तिने ओळखले आणि ती आत धावली.

खुब्याचे हाड मोडले होते. नगरला नेऊन शस्त्रक्रिया केली. दवाखान्यातून थोरल्याने तिला थेट पुण्याकडे आपल्या घरी नेले, आणि तिथे ती तीन महिने राहिली. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचे ऐकून कुणाचाही गैरसमज होईल. दोघांनाही सकाळी आठाला घराबाहेर पडावे लागे. तिसऱ्या मजल्यावरचे घर. म्हातारी दार उघडायला उठेल आणि पडेल, कुणी अनोळखी माणूस आत येईल, या भीतीने जाताना ते बाहेरून कुलूप लावून जात. साठ वर्षे बिनदाराच्या घरात नांदलेली बाई अशी दिवसभर कुलपाआड बसू लागली. मी भेटायला गेलो तेव्हा तिने तक्रारीचा शब्द काढला नाही. नातवंडांचे कौतुक सांगितले, गॅसच्या शेगडीचे कौतुक सांगितले. निघताना तेवढे म्हणाली, "मास्तर, घर लई चांगलं हाय. पण भायेर कुणी आलं तर मला 'या' म्हनता येत न्हाई बघ."

हे वाक्य मी बरोबर घेऊन आलो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आपण दोनच गोष्टी मोजतो, पोटाला मिळते का आणि औषध वेळेवर मिळते का. त्या दोन्ही आत्याला मिळत होत्या. तिचे गेले होते ते यजमानपण. स्वतःच्या घरात आपण यजमान असतो ते घर आपल्या नावावर असते म्हणून नव्हे. येणाऱ्याला "या" म्हणायचे की "थांबा" म्हणायचे हे आपल्या हाती असते म्हणून. ते हातचे गेले म्हणजे माणूस आपल्याच मुलाच्या घरी पाहुणा होतो, आणि पाहुणा फार दिवस राहिला म्हणजे त्याचे काय होते हे कुणाला सांगायला नको.

शेवटी आत्याच्या हट्टापुढे मुलाने हात टेकले, पण अट घातली. एकटी राहायचे तर सगळी साधने घरात बसवायची. आत्या म्हणाली, बसव. आणि त्या बिनदाराच्या घरात एकेक वस्तू येऊ लागली. मी नेवासे तालुक्यातच शाळेत शिकवतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की देवदर्शनाच्या गर्दीतून वाट काढीत आत्याकडे जायचे आणि आठवड्यात कोणत्या वस्तूशी तिची मैत्री झाली आणि कोणत्या वस्तूशी भांडण झाले ते ऐकायचे, हा माझा क्रम झाला.

पहिली आली ती खाली चार पाय असलेली काठी. आत्याने तिचे नाव शेळी ठेवले. "माझी शेळी कुटं हाय?" म्हणून ती विचारी तेव्हा नवखा माणूस गोठ्याकडे बघे. पण शेळीशी भांडण झालेच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सांगितले, की दुखरा पाय उजवा, तर काठी डाव्या हातात धरायची. आत्याला हे काही पटेना. दुखते एकीकडे आणि टेकू दुसरीकडे, असे कुठे असते का? ताईंनी तिला चालून दाखवले. आपण चालतो तेव्हा उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो. दुखऱ्या पायावर भार यायच्या वेळी समोरच्या बाजूची काठी जमिनीला टेकली, म्हणजे त्या खुब्यावरचा भार हलका होतो. त्याच बाजूला धरली तर माणूस दुखऱ्या अंगावरच कलतो. काठीची उंचीही हवी तशी असून चालत नाही. ताठ उभे राहून हात सैल सोडला, की मनगटाच्या घडीपाशी मूठ यावी. घरात पडून असलेली आजोबांची काठी उचलून आजीच्या हाती देणारे पुष्कळ असतात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मग कानाचे यंत्र आले. ते एका शिबिरात मिळाले होते आणि दिवसभर शिट्टी वाजवी. आत्या म्हणे, "माझ्या कानात यस्टी आलीय." शिट्टीचे कारण साधे असते. यंत्राने मोठा केलेला आवाज कानात नीट न बसलेल्या बोंडाच्या फटीतून बाहेर गळतो, तोच पुन्हा यंत्र पकडते, पुन्हा मोठा करते, आणि हे चक्र चालू राहिले की शीळ घुमते. पुष्कळ म्हातारी माणसे याच शिट्टीला कंटाळून यंत्र फडताळात टाकतात, आणि घरचे म्हणतात, आजीला यंत्र आवडत नाही. आत्याच्या कानाचा ठसा घेऊन त्या मापाचे बोंड करून घेतले, शिट्टी थांबली. त्या यंत्राची बटणाएवढी बॅटरी हवेवर चालते, हे मलाही नवे होते. तिच्या पाठीवर एक रंगीत कागद चिकटवलेला असतो. तो काढला की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि मग ती जिवंत होते. म्हणून कागद काढून मिनिटभर थांबायचे, मग यंत्रात घालायची. आत्या ते मिनिट देवाचे नाव घेऊन मोजते.

बाकीच्या वस्तू मुकाट्याने घरात रुळल्या. मोरीच्या भिंतीत लोखंडी मूठ बसली. सात वारांच्या सात खणांचा गोळ्यांचा डबा आला. खाटेखाली एक दिवा आला. रात्री पाय जमिनीला लागला की तो आपोआप लागतो आणि माणूस परत निजला की विझतो. या दिव्यावर आत्याची भारी माया. "माझ्याआधी उठतो बिचारा," म्हणते. गळ्यात घालायचे एक बटण आले. पडल्यावर दाबले की मुलाला आणि शेजारी फोन जातो. ते तिने तुळशीच्या माळेशेजारी ओवून टाकले.

आणि मग तो कॅमेरा आला.

थोरल्याने तो माजघराच्या कोपऱ्यात उंचावर बसवला. चाकणला कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने खिशातला फोन काढला, की आई काय करते ते त्याला दिसे. त्याच्यातून बोलताही येई. पुढच्या शनिवारी मी गेलो तर कॅमेऱ्यावर आत्याचे धुतलेले लुगडे वाळत होते. त्याच्या पुढच्या शनिवारी परकर. मुलाने फोन केला, की आई, तुझं लुगडं सरकव, काही दिसत नाही. ही म्हणाली, दिसू नये म्हणूनच टाकलंय. मायलेकरांत अबोला धरायची वेळ आली. मी मध्ये पडलो तेव्हा आत्या मला म्हणाली, "तो माझा पोरगा हाय, मी त्येच्यापास्नं काय लपवनार? पर मास्तर, त्येला येताना खाकरता येत न्हाई. कवा येतो, कवा जातो, काय कळत न्हाई. मी जेवताना बघतोय का, मी रडताना बघतोय का. दाराबिगर घर चालतं. खाकरल्याबिगर न्हाई चालत."

थोरल्याची बाजूही ऐकली पाहिजे. दिवाळीला तो आला तेव्हा अंगणात खाटेवर बसून मला म्हणाला, "तुम्हाला बोलायला सोपं आहे मास्तर. रात्री दोनला मला जाग येते. ती मोरीत पडलेली दिसते. त्या दिवशी ती किती वेळ पडून होती ते मी मनात मोजत बसतो. मग फोन उघडतो, खाटेवर तिचं पांघरूण हललेलं दिसलं की झोप लागते. हे मी तिच्यासाठी करतो की माझ्यासाठी, ते मलाही सांगता येणार नाही." याला काय उत्तर द्यायचे? दूर राहणाऱ्या मुलाची काळजी ही काही खोटी गोष्ट नव्हे. आई सुरक्षित असावी असे वाटणे आणि आईवर पाळत ठेवणे यांच्यामध्ये जी रेघ आहे, ती त्या रात्री दोन वाजता कुणालाही दिसणार नाही.

तेव्हा मी त्याला जपानातली एक गोष्ट सांगितली. त्या देशात एकटी राहणारी म्हातारी माणसे फार. तिथल्या झोजिरुशी नावाच्या कंपनीने २००१ साली चहाच्या पाण्याचे एक विजेचे भांडे काढले. दिसायला ते साधे भांडे. म्हातारा माणूस सकाळी त्यातून चहाला गरम पाणी घेतो, आणि त्याने ते घेतले एवढीच वार्ता दूरच्या मुलाला पोहोचते. बाप काय ल्याला आहे, कुणाशी बोलतो आहे, पलंग आवरला आहे की नाही, यातले काही कळत नाही. बापाने चहा केला, म्हणजे बाप उठला. इतके पुरे. आता पाहा, शेजारच्या सुनेने आत्याच्या अंगणाकडे पाहून याहून वेगळे काय केले होते? तिला आत्याच्या घरातले काही दिसले नव्हते. रांगोळी नाही, एवढेच तिने पाहिले. त्यावरून ती उंबऱ्यापर्यंत आली आणि उंबऱ्यावर थांबून खाकरली. जपानी इंजिनियरांनी पुष्कळ खटपट करून जे भांडे बनवले, ते आपल्या खेड्यांनी सड्या-रांगोळीत आणि चुलीच्या धुरात आधीच करून ठेवले होते. "आज त्यांच्याकडं धूर दिसला नाही गं," हे वाक्य आपल्या कितीतरी आज्यांनी म्हटले असेल. फरक एवढाच, की आता गावात शेजार विरळ झाला. निम्मी घरे पोरांच्या मागे शहरात गेली. मोजणारे डोळे उरले नाहीत, म्हणून यंत्र आणावे लागते. आणायचे तर मग शेजारणीसारखे आणावे. त्याला थोडेच कळावे, कामापुरते कळावे, आणि त्याने बातमी द्यावी ती माणसाला, म्हणजे तो माणूस येऊन खाकरेल.

थोरला तांत्रिक शिक्षण घेतलेला. त्याला हे एकदा पटल्यावर त्याने आठ दिवसांत तोड काढली. कॅमेरा उतरवला. त्याच्या जागी चहाच्या कपाएवढी दोन पांढरी यंत्रे लावली, एक मोरीच्या वाटेवर आणि एक ओट्यापाशी. माणसाच्या अंगातून उष्णतेचे न दिसणारे किरण सारखे बाहेर पडत असतात. समोरून माणूस गेला की ही ऊब हलल्याचे त्या यंत्राला कळते. चित्र त्यात उमटत नाही, आवाज त्यात जात नाही. सकाळी आठपर्यंत दोन्ही यंत्रांपुढून काहीच हलले नाही, तर थोरल्याच्या आणि शेजारच्या सुनेच्या फोनवर निरोप जातो. मग सून अंगणात येते. आत्याने स्वतः त्या यंत्रापुढून चारदा फिरून त्याची परीक्षा घेतली. "ह्येला माझं तोंड दिसत न्हाई नव्हं?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. आंधळं हाय, पर जागं हाय." वीज गेली तरी ते काही वेळ आतल्या बॅटरीवर चालते. अमावास्येला शनी आला आणि गावात गर्दी लोटली म्हणजे मात्र फोनची रेंज बसते आणि यंत्र मुके होते. त्या दिवशी सून आपण होऊन दोन चकरा मारते. यंत्र आले म्हणून शेजार सुटला असे होऊ द्यायचे नाही, हे तिने न सांगता ओळखले.

हे सगळे पाहून गावातले एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "हे कसलं एकटं राहणं? काठीचा आधार, यंत्राचा आधार, शेजाऱ्याचा आधार. याला का स्वावलंबन म्हणायचं?" मला तेव्हा नेवाशाची आठवण झाली. शिंगणापूरहून नेवासे काही फार लांब नाही. तिथल्या देवळात एक दगडी खांब आहे, पैस खांब. ज्ञानेश्वरांनी त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. काळ शके १२१२. सातशे वर्षांहून अधिक काळ लोक त्या खांबाला हात जोडत आहेत. ज्ञानेश्वर परावलंबी होते, त्यांना खांबाचा टेकू लागला, असे त्यातला एकही माणूस म्हणाला नाही. टेकू कशाचा घेतला यापेक्षा टेकून काय केले, हे विचारण्यासारखे आहे. त्या गृहस्थांच्या नाकावर चष्मा होता. तो काढला तर त्यांना पोथीतले अक्षर दिसले नसते. पण चष्म्याला आपण आधार म्हणत नाही, कारण तो सगळ्यांच्याच नाकावर बसला आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्राला 'चाकाची खुर्ची' असे नाव दिले आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पाय गेलेल्या या बाईंनी खुर्चीत बसून अपंगांसाठी केवढी संस्था उभी केली! खुर्चीने त्यांना बसवले असे म्हणायचे, की उभे केले असे म्हणायचे?

अशा साधनांची गरज असलेली माणसे थोडीथोडकी नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली मोजदाद मांडली, तीत जगातल्या अडीचशे कोटींहून अधिक माणसांना चष्मा, काठी, कानाचे यंत्र, खुर्ची यांपैकी काही ना काही लागते असे आढळले, आणि सुमारे शंभर कोटींना ते मिळत नाही. आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारची वयोश्री योजना सुरू झाली. गरीब वृद्धांना काठ्या, कुबड्या, कानाची यंत्रे, चाकाच्या खुर्च्या, चष्मे, कवळ्या फुकट द्यायच्या, असा तिचा उद्देश. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढून पासष्ट वर्षांवरच्या गरजूंना अशा वस्तूंसाठी तीन हजार रुपये देण्याचे ठरवले. हे चांगलेच झाले. पण वस्तू घरात येणे आणि ती घरची होणे यांत अंतर आहे. माप घेणारा, ती वापरायला शिकवणारा, महिन्याने येऊन "कशी चालली आहे?" असे विचारणारा माणूस वस्तूबरोबर आला नाही, तर वस्तू फडताळात जाते. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाऊल घडवले, तेव्हा त्यांनी नेमका हाच विचार केला. परदेशी पाय बुटात घालण्यासाठी केलेला असे. आपला माणूस तर अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलात उतरतो. त्याला या सर्व गोष्टी करता येतील असे पाऊल त्यांनी रबराचे घडवले. माणसाने साधनाच्या सोयीने जगायचे, की साधनाने माणसाच्या रीतीने चालायचे, याचा निकाल त्यांनी असा लावला.

आत्याने हाच निकाल आपल्यापुरता लावला तो गेल्या दिवाळीच्या आधी. सगळी यंत्रे बसली, चालू झाली, आणि मी मोठ्या समाधानाने तिला विचारले, की आता आणखी काही हवे का? ती म्हणाली, "रांगोळी." खाली बसणे तिला डॉक्टरांनी कायमचे मना केले आहे. सडा शेजारची सून घालत होती, रांगोळीही तीच काढी. आत्या उंबऱ्यात शेळी घेऊन उभी राही आणि बघत राही. कुणाच्याही यादीत ही वस्तू नव्हती. कोणत्याही शिबिरात ती मिळाली नसती. गावातल्या सुताराला आम्ही बोलावले. बाजारात रांगोळीची भोकांची नळी मिळते, ती पोरी हाताने फिरवतात. सुताराने ती कंबरेएवढ्या वेळूच्या टोकाला बसवली, वर रांगोळी भरायला नरसाळे लावले आणि धरायला आडवी मूठ केली. सड्यासाठी झाडांना पाणी घालायची झारी आणली, अर्धीच भरायची म्हणजे जड होत नाही. या सगळ्याला आला तो खर्च फटाक्यांच्या एका पुडक्याएवढाही नव्हता.

यंदाही दिवाळीला मुलेबाळे गावोगाव आईवडिलांकडे जातील आणि कुणी ना कुणी प्रेमाने एखादे नवे यंत्र घेऊन जाईल. जरूर न्यावे. मात्र नेण्यापूर्वी, आई, तुला काय करता येईनासे झाले म्हणून हळहळ वाटते, एवढे तिला विचारावे. उत्तर फार वेगळे येईल, आणि बहुधा फार स्वस्त असेल.

आत्याची रांगोळी आता सरळ येत नाही. डाव्या हातात शेळी, उजव्या हातात वेळू, असे ती दोन पावले चालते, थांबते, पुन्हा चालते. रेघ कधी तुळशीकडे झुकते, कधी गटाराकडे. हे काम पुरे व्हायला पाऊण तास लागतो. सून म्हणते, "आत्याबाई, द्या मी दोन मिन्टात काढते," तर तिला हात लावू देत नाही. आठाच्या आत ते पांढरे नागमोडी काम उंबऱ्यापुढे उमटलेले असते. पाण्याला जाणाऱ्या बायका चालता चालता तिकडे नजर टाकतात, आणि न थांबता आपल्या कामाला निघून जातात.